जिवंत माणसाला रस्ता नाही

गावाची लायकी चर्चमध्ये नव्हे, रस्त्यावर कळते. मी पाचवीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं.

आमच्या काउंटीत, म्हणजे मिसिसिपीच्या या टोकाला, वाहतुकीची शिस्त पुढीलप्रमाणे आहे. डावी लेन पुढे जाणाऱ्यांसाठी, असं सरकार म्हणतं. आमच्याकडे ती अकरा मैल पुढे डावीकडे वळणाऱ्यांसाठी असते. (वळायचं विसरलं तरी चालतं, लेन सोडायची नाही.) हॉर्न वाजवणाऱ्याच्या आईला रविवारी चर्चमध्ये जाब विचारतात. मात्र अंत्ययात्रा दिसली की समोरून येणारासुद्धा गाडी कडेला घेऊन टोपी काढतो. दहातले दहा. मयताचे वैरीही त्यात आले.

आमची सून रोझॅन न्यू जर्सीची. तिकडे म्हणे डाव्या लेनमध्ये रेंगाळलं तर दंड होतो, आणि मयताच्या गाड्यांमध्येही लोक बेलाशक घुसतात. (निवड माझ्या मुलाची.)

मंगळवारी जेवताना माझ्या नवऱ्याच्या, हॉलिसच्या, छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला यायलाच चाळीस मिनिटं लागणार होती. रोझॅनने त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, मला पुढे बसवलं आणि गाडी काढली. हायवेवर डाव्या लेनमध्ये आमच्याच गावचा बफर्ड टॅकेट, उजव्या लेनमध्ये त्याचा मेव्हणा. ताशी पस्तीस मैलांनी, खिडक्या उघड्या ठेवून, दोघांच्या गप्पा चाललेल्या. रोझॅनने दिवे मारले, हॉर्न वाजवला. बफर्डने प्रेमाने हात हलवला.

हॉलिस पांढराफटक पडला होता.

"सासूबाई, त्या कप्प्यातली झेंडी द्या." मयतामागच्या प्रत्येक गाडीच्या टपावर लावतात ती जांभळी, चुंबकाची झेंडी; माझ्या बहिणीच्या अंत्ययात्रेतली परत करायची राहिली होती.

"अगं, मेला नाहीये तो!"

"म्हणूनच म्हणते, लवकर द्या!"

तिने खिडकीतून हात काढून झेंडी टपावर चिकटवली.

"मी आहे गं अजून," हॉलिस कण्हला.

"बाबा, पडून राहा. कुणाला दिसू नका."

आरशात झेंडी दिसताच बफर्ड एका कडेला, मेव्हणा दुसऱ्या. पुढच्या एकोणीस मैलांत त्रेसष्ट गाड्या आणि एक ट्रॅक्टर थांबला, एकेचाळीस टोप्या उतरल्या. शेरीफने स्वतः चौक अडवून धरला. अंत्ययात्रा ताशी ऐंशीने का पळतेय, हे एकानेही विचारलं नाही.

हॉलिस वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर झेंडी खरी ठरली असती.

तो घरी आला त्या दिवशी बफर्डची बायको सांत्वनाला कोंबडीभात घेऊन आली. दारात हॉलिस सफरचंद खात बसलेला.

"हे बरं नाही केलंत, ओपल," ती मला म्हणाली. "आमच्या ह्यांनी टोपी काढली होती!" आणि भांडं घेऊन परत गेली.

तिचं चुकलं नाही. रीत म्हणजे रीत.

तुम्ही हसताय. हसा. मागे सायरन वाजला की तुम्ही वाट देता, आणि मग त्याच गाडीच्या शेपटीला लागून मोकळ्या रस्त्यावरून सुसाट सुटता, हे मी पाहिलंय.

आमच्याकडे मयताच्या शेपटीला असं कुणी लागत नाही, म्हणून ती झेंडी मी अजून परत केलेली नाही.