खांबेटे काका कुठेच जात नाहीत

खांबेटे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॅसल हिलच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये, खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून वर चढत होते. एका हातात कोथिंबिरीची पिशवी, डोक्यावर क्रिकेटच्या अंपायरसारखी टोपी, आणि पाय अशा बेताने पडत होते की काका ना वर जात होते ना खाली येत होते. जिन्याखाली त्यांची सात वर्षांची नात, इरा, मोठ्याने सेकंद मोजत होती. सिक्युरिटीवाला धावत आला. "यू राइट, मेट?"

"आय ॲम ॲट रेस्ट," काका धापा टाकत म्हणाले, "विथ रिस्पेक्ट टु यू."

'रिस्पेक्ट' ऐकून तो बिचारा विरघळला. 'नो वरीज' म्हणाला आणि त्याने बटण दाबून जिनाच बंद केला. काकांचे पाय चालूच होते, त्यामुळे ते एकदम तीन पायऱ्या वर गेले.

"बघितलंस इरा? मी काहीच नवीन केलं नाही! ह्या माणसाने मला हलवलं!"

पुढच्याच महिन्यात आम्ही टूनगॅबीत घर घेतलं आणि पाहतो तर कुंपणापलीकडे तीच टोपी.

काकांनी ठाण्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर काका-काकू इकडे परदेशात मुलाकडे, निखिलकडे, आले आणि घरामागच्या छोट्या स्वतंत्र घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, राहू लागले. शिकवायला वर्ग उरला नाही म्हणून काकांनी अख्ख्या गल्लीला वर्ग करून टाकलं. कोणी काहीही म्हणालं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "निरीक्षक कुठे उभा आहे?"

मी एकदा मोठ्या आशेने विचारलं, "काका, वजन जरा कमी दिसतंय ना माझं?"

"निरीक्षक कुठे उभा आहे? समोरून कमी दिसतंय. बाजूने बोलायची सोय नाही."

मराठीवर त्यांचा ह्याच कारणासाठी जीव. "आपण गाडीत बसून काय म्हणतो? पॅरामॅटा आलं! म्हणजे आपण बसलेलो, पॅरामॅटा चालत आलं. शंभर टक्के बरोबर. ह्या गोऱ्यांना हे परीक्षेसाठी पाठ करावं लागतं."

एकदा त्यांना डॉक्टरकडे नेत होतो. सिग्नलला शेजारी एक भलामोठा ट्रक. अचानक आमची गाडी मागे घसरायला लागली. मी किंचाळून ब्रेकवर उभाच राहिलो. ब्रेक आधीपासूनच दाबलेला होता. घसरत काही नव्हतं, ट्रक पुढे निघाला होता. तोवर हिरवा दिवा लागून गेला, मागचे लोक हॉर्न वाजवून माझं कूळ विचारू लागले, आणि काका टाळ्या वाजवत होते. "वा! चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतक्या मनापासून प्रयोग केला नाही!"

काकू वारल्या तेव्हा मी भेटायला गेलो. "काकू अशा अचानक गेल्या..." एवढंच म्हणालो. काकांनी निरीक्षक कुठे आहे ते विचारलं नाही. त्यानंतर रोज दुपारी इरा शाळेतून आली की दोघं बागेतल्या झोपाळ्यावर गती मोजत बसायची. काकांचा सगळा दिवस त्या साडेतीनला सुरू व्हायचा.

मग, इरा बारा वर्षांची झाली तेव्हा, निखिलची नोकरी गाडीने नऊ तासांवरच्या मेलबर्नला गेली. इराची सातवी सुरू होणार होती, आणि ग्लेन वेव्हर्लीतल्या एका चांगल्या शाळेच्या हद्दीत त्यांना भाड्याने घर मिळालं. दोन खोल्यांचं. इथलं पुढचं घर भाड्याने द्यायचं, काका मागे ग्रॅनी फ्लॅटमध्येच राहणार, असं ठरलं.

"सहाच महिने, बाबा. मोठं घर मिळालं की तुम्हाला नेतोच," निखिल म्हणाला.

"सहा महिने कोणाच्या घड्याळाने?" काकांनी विचारलं. ह्यावर कोणी हसलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी एक गाढवपणा केला. कुंपणाशी इरा दिसली, मला भरून आलं, आणि मी म्हणालो, "तुम्ही चाललात गं. आता आजोबा अगदी एकटे पडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरलेली, निखिल स्टिअरिंगवर, आणि इरा लेटरबॉक्सला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. "आय ॲम नॉट गोइंग. आय ॲम नॉट लीव्हिंग हिम." तिची आई समजावून थकली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय बोललास तिला?"

मी सांगितलं.

"मूर्ख आहेस," ते शांतपणे म्हणाले आणि इराकडे गेले. "इरा, शेवटचा प्रयोग. मागच्या सीटवर बस, मागच्या काचेतून बघ आणि कोण हलतंय ते मला फोनवर सांग. निरीक्षकाने दिसतं तेच सांगायचं. मनातलं घालायचं नाही."

"आजोबा, धिस इज सो डम्ब."

"असू दे. बस."

इरा बसली. गाद्या-उशांमधून काचेला एवढीशी फट होती, तीत तिचे डोळे दिसत होते. गाडी निघाली. काकांच्या हातातल्या फोनचा स्पीकर चालू होता.

"सांग. मागची सीट हलतेय?"

"नाही."

"तुझी उशी?"

"नाही. तुम्ही हलताय. तुम्ही मागे मागे चाललात."

"मग सोडून कोण चाललं?"

फोनमध्ये गाडीची घरघर. मग बारीक आवाज, "...तुम्ही."

"मग रागव की मला!"

"यू आर सो मीन, आजोबा!" ती हसत होती की रडत होती कळेना. "असं सोडून जातात का कोणी?"

"चुकलं बाळा. आता मात्र पुढे बघून बस, नाहीतर उलटी होईल."

गाडी कोपऱ्यावर वळली. फोन बंद झाला तरी काकांनी तो समोर तसाच धरला होता. जानेवारीचं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातलं, ऊन चढत होतं. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे चला. चहा घेऊ."

रस्त्यावरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "तू इथे माझ्या शेजारीच होतास. खरं सांग. मी हललो?"

"जरासुद्धा नाही, काका."

"हं," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस."