हुसेनबींची बत्ती

"औंदा आदर्श गल्लीचा मान आपलाच!" शेषेरावांनी लातूरच्या आपल्या गल्लीत घरोघर जाऊन ठणकावून सांगितलं होतं. मान मिळणार होता सगळ्यात जास्त वीज वाचवणाऱ्या गल्लीला, आणि त्यांचा नियम एकच: घरात माणूस नाही तर बत्ती नाही!

भूकंपाला दीड वर्ष झालं होतं. तरी शेजारच्या एकट्या हुसेनबी अजून अंगणातच झोपायच्या. शेवटी शेषेरावांनीच त्यांच्या फळीवर, घरोघरी होती तशी, स्टीलच्या सात गिलासांची उतरंड रचून दिली. "जमीन जरा हालली की हे पडतेत. आवाज झाला की पळायचं. तवर बिनघोर आत झोपा!"

भाऊ मानलेल्या शेषेरावांच्या शब्दावर हुसेनबींनी खाट आत घेतली. त्याला चारच दिवस झाले होते.

तपासणीच्या दिवशी, दिवेलागणीला, शेषेराव शेवटची फेरी मारायला निघाले. हुसेनबी नळावर गेलेल्या, आन् घरात बत्ती लख्ख!

"आरं देवा! साहेब यायलेत आन् हे काय!"

त्यांनी उंबऱ्यातूनच आत हात घातला. बटन नेमकं फळीच्या वर. बत्ती गेली आणि कोपराच्या धक्क्यानं सातही गिलास खणाखण फरशीवर!

"भूकंप! पळा!" पलीकडून पंचफुलाबाई किंचाळल्या. माडीवरच्या क्लासची ऐंशी पोरं पेपर टाकून जिन्यानं खाली आली. सर सगळ्यांच्या पुढं!

"आवो, भूकंप न्हाई, मी हाय!" शेषेराव बोंबलत राहिले. ऐकतंय कोण!

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. माणसं सगळी चौकात, घरं रिकामी, आणि घराघरात बत्त्या चालू, पंखे गरगर! अख्ख्या गल्लीत अंधार तेवढा हुसेनबींच्या घरात. साहेबांनी वही उघडलीच नाही.

मान गेला त्याचं शेषेरावांना काही वाटलं नाही. पण हुसेनबी नळाजवळ मटकन बसल्या होत्या. शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्यांनी सगळं कबूल केलं. हुसेनबी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त गिलास फळीवर पुन्हा रचले आणि खाट अंगणात काढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटेवरूनच त्यांनी हाक मारली, "शेषेरावभाऊ, घरात माणूस न्हाई आन् बत्ती चालू हाय. तुमचाच कानून. जावा, बंद करा."

शेषेराव उंबऱ्यापर्यंत गेले. हात पुढं केला. बटनाखाली सात गिलास उभे होते. हात हळूच मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या, हुसेनबी," ते पुटपुटले, "जळू द्या तिला."