ठिपकोजीराव आणि काकडीचा पंधरवडा

एका जंगलात, मुलांनो, ज्याला त्याला दुसऱ्याच्या पोटाची काळजी होती. स्वतःच्या पोटाकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

त्या जंगलात ठिपकोजीराव बिबटे राहत असत. नदीकाठचं मोठं उंबराचं झाड त्यांचं. बायको मथुराबाई शिकार करून झाडाखाली आणून टाकायची. ती शिकार जबड्यात धरून वरच्या बेचक्यात नेऊन ठेवायची, एवढंच ठिपकोजीरावांचं काम. कारण खाली एक तरस कायम टपलेला असे. शिकार वर गेली तर दोन पिल्लांचं पोट भरायचं. खाली राहिली तर तरसाचं.

ठिपकोजीराव अंगानं दणकट होते. आपल्याहून जड सांबर तोंडात धरून ते सरळ खोड चढत. यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. म्हणून सगळं ठीक चाललं होतं.

एकदा भरपेट जेवून ते पाणवठ्यावर गेले. पाण्यात वाकून बघतात तर पोट. आता अर्धं चितळ खाऊन आलेल्या बिबट्याचं पोट दिसणार नाही तर काय दिसणार? पण ठिपकोजीराव बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या जांभळीवरून कुणीतरी हळहळलं.

ते हुप्पे सर होते. हुप्पे सर म्हणजे एक वानर. त्यांना सर कुणी केलं हे जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एकदा चारजण सर म्हणायला लागले की पाचवा विचारत नाही.

"राव, वाईट वाटतं हो," सर म्हणाले. "एवढी चांगली बॉडी आणि पार वाया घालवलीत."

"मग काय करू?"

"माझी बॅच लावा. अमावस्या ते पौर्णिमा. ओळखू येणार नाही तुम्ही."

"खायचं काय?"

"सकाळी काकडी. दुपारी दुधी. संध्याकाळी उन्हात तापलेलं पाणी. मांस बंद. मांस जड असतं. जड खाल्लं की अंग जड होणारच, साधं सायन्स आहे."

"आणि व्यायाम?"

"तो तर तुम्ही करतच होता. उचलून वर नेत होता, ते बरोबर. वर नेऊन खात होता, तिथं चूक होती. आता शिकारीऐवजी धोंडा न्यायचा."

ठिपकोजीरावांना हे इतकं पटलं की आजवर आपल्याला कसं सुचलं नाही याचीच त्यांना लाज वाटली. बिबट्यानं वानराकडून खाणं शिकावं, हे लाज वाटायला जास्त चांगलं कारण होतं, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"फी किती घेता?"

"छे, फी कसली? फक्त बॅच चालू असेपर्यंत आमच्या टोळीतल्या कुणाला खायचं नाही. वातावरण पॉझिटिव्ह लागतं."

बॅच सुरू झाली. ठिपकोजीराव नदीतला धोंडा तोंडात धरायचे, उंबरावर चढायचे, बेचक्यात ठेवायचे, खाली यायचे आणि दुसरा धरायचे. शिकवायला म्हणून हुप्पे सर उंबराच्या शेंड्यावर येऊन बसले. मोजायला म्हणून त्यांचा मेहुणा आला. मग टाळ्या वाजवायला म्हणून हळूहळू सगळी टोळीच आली. उंबरं पिकली होती. ती खाता खाता सगळे टाळ्या वाजवत.

मथुराबाईनं ते दिवस ससे आणि घोरपडींवर काढले. बारीक शिकार खालच्या खाली संपते, वर न्यावी लागत नाही. पण पिल्लं वाढत्या अंगाची. दोन घासांत ससा संपायचा आणि पिल्लं पुन्हा आईच्या तोंडाकडे बघत बसायची.

"अहो, पुरे झालं हे," ती म्हणाली. "पोट होतं तिथंच आहे. मांड्या तेवढ्या गेल्या."

"तू आपली निगेटिव्ह बोलू नकोस," ठिपकोजीराव म्हणाले. हा शब्द ते नुकताच शिकले होते.

"आणि बेचक्यात धोंडे भरलेत. शिकार ठेवायची कुठं?"

ठिपकोजीरावांनी उत्तरादाखल एक काकडी खाल्ली.

चौदाव्या दिवशी हुप्पे सरांनी सगळ्यांसमोर वजन केलं. त्यांची रीत सोपी होती. ठिपकोजीरावांना एका बारीक फांदीवर निजवायचं. अमावस्येला ती फांदी पार जमिनीला टेकली होती. आता जेमतेम वाकली. केवढा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून सांगू. काय कमी झालं, चरबी की ताकद, हे फांदीला विचारायची सोय नव्हती. ठिपकोजीरावांच्या डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या. त्यांना तो आनंद वाटला. खरं तर ती भोवळ होती.

पौर्णिमेच्या तिन्हीसांजेला मथुराबाईनं मोठं चितळ मारलं. ओढत ओढत उंबराखाली आणलं आणि ती दमून बाजूला झाली. पिल्लं उड्या मारायला लागली. किती दिवसांनी घरात चितळ आलं होतं.

"न्या आता वर," ती म्हणाली. "तो बघा, आलाच."

करवंदीच्या जाळीतून तरस बाहेर येत होता. त्याला घाई नव्हती.

ठिपकोजीरावांनी चितळाची मान धरली. ओढली. खोडाला पंजे लावले. चितळ वीतभर उचललं गेलं. मागचे पाय लटपटले आणि चितळ खाली आलं. त्यांनी पुन्हा धरलं. या खेपेला वीतभरही उचललं गेलं नाही.

"सोडू नका, राव," हुप्पे सर वरून म्हणाले. "अजून एक. फक्त एक."

टोळीनं टाळ्या वाजवल्या. तरस येऊन अगदी शेजारी उभा राहिला. त्यानं ठिपकोजीरावांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तब्येत छान केलीत," तो म्हणाला. "राहू द्या, मी घेतो."

त्यानं चितळ घेतलं. मथुराबाई धावून गेली, पण दमलेली ती एकटी काय करणार? ठिपकोजीराव जिवाच्या भीतीनं उंबरावर चढायला गेले, घसरले आणि पाठीवर पडले. पिल्लं आधी तरसाच्या पाठीकडे बघत राहिली. मग बापाकडे. ती रडली नाहीत, आणि तेच फार वाईट होतं.

मथुराबाईनं दोन्ही पिल्लांना पुढे घातलं आणि ती नदी ओलांडून निघून गेली. पलीकडे तिच्या भावाचं अर्जुनाचं झाड होतं. तो भाऊ अडाणी होता. भूक लागली की मांस खायचा.

ठिपकोजीराव पडल्या पडल्या वर बघत होते. बेचक्यातल्या धोंड्यांची छान बैठक झाली होती. तिच्यावर हुप्पे सर रेलून बसले होते आणि उंबरं खात होते.

"सर, माझं काय चुकलं?"

सरांनी विचार केला. "मधे काही खाल्लं होतं का?"

ठिपकोजीरावांनी मान खाली घातली. अष्टमीला त्यांना राहवलं नव्हतं. गवतातून एक नाकतोडा उडाला आणि त्यांच्या नकळत तोंड मिटलं होतं.

"तरीच," सर म्हणाले. टोळी हळहळली. "एका नाकतोड्यापायी सगळ्या बॅचवर पाणी. असू द्या. उद्यापासून नवी बॅच आहे. दुधीसुद्धा बंद करून बघू."

ठिपकोजीरावांच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं. तरी त्यांनी नाव नोंदवलं.

तात्पर्य: गुरूंचं पथ्य कधी चुकत नसतं. बायको जाते, पिल्लं जातात, झाड जातं, ते सगळं नाकतोड्यामुळे. तेव्हा मुलांनो, वजन उचलायचं असेल तर नाकतोडे खाऊ नका. आणि खालून कुणी मायेनं जेवायला बोलावलं, तर आधी वर बसलेल्यांना विचारा.