कलम सात

कलमकाकांनी सातवं कलम लिहायला घेतलं, तेव्हा समोर बसलेल्या मास्तरांचा तिसरा चहा संपत आला होता. मास्तर म्हणजे मागच्या घरातले टेलर. त्यांच्या घराकडे जाणारी गल्ली शेजारच्या गोदामवाल्याने, ती आपल्या हद्दीत आहे असं सांगून, भिंत घालून बंद केली होती. महिनाभर गिऱ्हाइकं कुंपणावरून कापड आत टाकत होती. ट्रायल घ्यायला मात्र कुणालाच आत येता येत नव्हतं. काकांच्या आवारातून तीन फुटांची वाट मिळाली तर दुकान चालणार, नाहीतर कुलूप.

काका वाट द्यायला तयार होते. फुकट आणि कायमची. पण रीतसर! भूमापन कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने ‘जा की खुशाल’ म्हणून वाट दिली तर लोक काय म्हणतील? म्हणून वहिवाटीचा दस्त ते स्वतः लिहीत होते.

“कलम सात,” काकांनी वाचलं. “सदर वाटेत कोणीही बसू नये, टेबल-खुर्ची अथवा तत्सम वस्तू ठेवू नये, उभे राहून गप्पा मारू नयेत.”

“साहेब, वाटेत कोण खुर्ची टाकून बसणार?”

“मास्तर, तीस वर्षं माणसं बघितलीत मी. आज वाट मिळते, उद्या तिथे बाकडं येतं.”

“बरं,” मास्तर म्हणाले. सहाव्या कलमालाही ते बरंच म्हणाले होते. वाटेवरचं कोणतंही दार दिवसा बंद राहणार नाही, असं त्यात होतं, आणि ते तर त्यांच्याच सोयीचं होतं.

काकांनी ट्रंकेतून आवाराचा शिक्क्याचा नकाशा काढला, पट्टी धरून त्यावर लाल रेघ मारली आणि दस्त नोंदवून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर टेप आणि कापडावर खुणा करायचा खडू घेऊन आखणीला आले. फाटकापासून निघालेली त्यांची रेघ सरळ अंगणातून आली, पायरी चढली आणि थांबली.

“साहेब, तुमची वाट स्वयंपाकघरात शिरतेय.”

“तुमची टेप ताणली गेली असेल.”

“साहेब, या टेपवर माझं पोट आहे.”

काकांनी स्वतः मोजलं. दोनदा. वाट पुढच्या दाराने स्वयंपाकघरात शिरत होती, जेवणाच्या टेबलाच्या मधोमध जात होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती. नकाशा वीस वर्षांपूर्वीचा होता, आणि स्वयंपाकघर अठरा वर्षांपूर्वीचं. आधी पावसापुरता पत्रा घातला होता. पुढच्या वर्षी एक भिंत आली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. परवानगी काढायची ती आज काढू, उद्या काढू, असं करता करता राहून गेली. त्याच अठरा वर्षांत काकांनी गावभरच्या पडव्यांवर आणि गॅलऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून ‘अनधिकृत’ असे शिक्के मारले होते.

“नकाशा बदलून घ्या मग,” काकू म्हणाल्या.

“नवा नकाशा म्हणजे नवी मोजणी. मोजणीत स्वयंपाकघर दिसणार.”

“दिसू दे की.”

“दिसलं की पाडणार.”

काकूंनी सांडशी खाली ठेवली. “माझं स्वयंपाकघर?”

“आपलं.”

“भांडी घासताना नव्हतं ते कधी आपलं!”

मास्तरांनी समजूतदारपणे सुचवलं, “मी आपला पलीकडून जातो, लिंबाच्या झाडापासून.”

“तिकडून तुम्हाला हक्क नाही,” काका म्हणाले. शिवाय महिन्याभरात कार्यालयाचा मोजणीदार येऊन, नकाशातल्या वाटेने खरंच ये-जा आहे की नाही ते बघणार होता. नसेल तर नोंद रद्द, आणि मास्तर पुन्हा कोंडलेले. एकदा दिलेला शब्द मोडणं काकांच्या स्वभावात नव्हतं, आणि स्वयंपाकघर गमावणं काकूंच्या. शेवटी दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं स्वयंपाकघरातून जाऊ लागली.

पहिले दोन दिवस ती टेबलाला वळसा घालून, खाली मान घालून गेली. तिसऱ्या दिवशी एक बँडपथक गणवेशाच्या मापांसाठी आलं. काका जेवत असताना त्यांच्या पाठीमागून अकरा माणसं ओळीने गेली, आणि मापं देऊन ओळीने परत आली. ढोलवाल्याने जाता जाता पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आमटी चाखली.

“मीठ कमी आहे, वहिनी.”

“मी दोन दिवस हेच म्हणतोय,” काका म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?” काकूंनी विचारलं आणि मीठ टाकलं.

आठवड्याभरात काकूंचा राग निवळला. उंच गिऱ्हाईक आलं की त्या वरच्या फळीवरचे डबे काढून घेत. गप्पांनाही माणसं मिळाली. मात्र उभं राहून गप्पा मारायला सातव्या कलमाची बंदी होती आणि काका समोरच बसलेले असायचे. म्हणून काकू या दारापासून त्या दारापर्यंत गिऱ्हाइकाबरोबर बोलत चालत जात आणि पुढच्याबरोबर बोलत परत येत.

मग मोजणीदार आला. तो एकेकाळी काकांच्या हाताखाली होता, आणि चार बोटांच्या फरकासाठी काकांनी त्याला एक प्लॉट भर उन्हात चार वेळा मोजायला लावला होता.

“नमस्कार साहेब,” तो अगदी आदराने म्हणाला. नकाशा धरून तो फाटकापासून चालत आला आणि पायरीवर थांबला. “नकाशात इथे मोकळी जागा आहे.”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘अनधिकृत’चा शिक्का कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्याची जांभळी शाई त्यांनीच निवडली होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

“हे ना? वाटेवरचं छप्पर आहे,” काकू म्हणाल्या. “मास्तरांच्या गिऱ्हाइकांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून. वारा येतो, म्हणून बाजू लावल्या.”

“आणि गॅस?”

“तो कडेला आहे.”

मोजणीदाराने टेप लावली. “हो. दोन बोटं बाहेर आहे.” मग तो काकांकडे वळला. “वाटेवरच्या छपराला परवानगी लागत नाही, साहेब. स्वयंपाकघराला लागते. यातलं हे नक्की काय आहे?”

कागदावर खोटं लिहायला लावणं काकांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या हातात डाव होता.

“छप्पर,” काका म्हणाले.

“मग टेबल आणि चार खुर्च्या वाटेत आहेत. कलम सात.” मोजणीदाराने दस्तावर बोट ठेवलं. “फार पक्कं लिहिलंय. कुणी लिहिलं?”

“मी.”

“वाटलंच.”

टेबल हलवायला घेतलं, तर ते घराच्या आतल्या दारातून जाईना. पुढच्या दारातूनही जाईना, कारण खोली त्याच्याभोवतीच बांधली गेली होती. मागच्या दारातून तेवढं आडवं करून निघालं. मागे मास्तरांचंच दुकान होतं, तेव्हा टेबल खुर्च्यांसकट तिथे गेलं. एका बाजूला मोजणीदाराने स्वतः हात लावला. मग त्याने लिहिलं, ‘छप्पर, वहिवाटदाराच्या सोयीकरिता. वाट मोकळी.’ वर्षातून दोनदा येऊन बघत जाईन, असंही तो जाताना हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका ताट घेऊन ओट्याशी उभे राहिले. पाठीमागून आवाज आला, “काका, जरा वाट सोडता?” काका बाजूला झाले. आणखी एक आला, काका भिंतीला चिकटले. तिसऱ्याला ताट धरायला देऊन त्यांनी पाण्याचा पेला घेतला, आणि तिघांच्या मागोमाग तेही निमूटपणे मागच्या दाराने बाहेर पडले.

मास्तर काकांच्याच टेबलावर कोटाचं कापड कापत होते. त्यांनी कापड सारून एक कोपरा मोकळा केला आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा, साहेब.”

काका बसले. दोन घास पोटात गेल्यावर त्यांना हुरूप आला. “मास्तर, हे असं तोंडी नको. मला इथे बसायचा हक्क, रीतसर लिहून घेऊ या.”

“लिहू की,” मास्तर म्हणाले. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि खडूला टोक काढलं. “पण कलमं मी सांगणार.”

काकांनी घास गिळला. समोर काकू कुणाबरोबर तरी बोलत या दारापासून त्या दारापर्यंत चालल्या होत्या.

“बरं,” काका म्हणाले.