शालूबाईंनी मागली पडवी राखिली त्याची हकीकत

श्री औंढा नागनाथ समर्थ. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, हिंगोलीच्या मुलखी मौजे गोरेगाव येथे एक मोहीम जाहली. आजवरच्या मोहिमांत रक्त सांडले म्हणोन कीर्ती. या मोहिमेत रक्त न सांडावे हाच सारा उद्देश. थोरामोठ्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ, परंतु चुलीपुढील रणांगणाची दखल कोणी घेत नाही, सबब पुढील लेकीसुनांस विदित असावे म्हणोन साद्यंत मजकूर लिहिला असे.

मौजे मजकुरी राजश्री अमृतराव हे घराचे धनी. बैठक ओसरीवर, सोवळ्याचा दंडक ऐसा की विटाळाची सावली उंबऱ्यावर पडली तरी स्नान करावे. त्यांच्या कुटुंब मातुश्री द्वारकाबाई मुदपाकखान्याच्या सरसेनापती. चिरंजीव किसनराव शेताचे मुखत्यार. आणि किसनरावांच्या कुटुंब शालूबाई, ज्यांची ही हकीकत. शालूबाईंस लेकरे तीन जाहली, तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या नर्स निर्मलाबाई, ज्यांचे ठाणे वेशीजवळ लाल त्रिकोणाच्या निशाणाखाली होते, त्यांजकडे संधान बांधिले आणि पाळणा थांबविण्याच्या गोळ्या आणिल्या. ही गोष्ट सासूस ठाऊक, परंतु पुरुषांस कळविली नाही. कारण पुरुषांस कळविले म्हणजे मसलत होते, आणि मसलत लांबली म्हणजे पाळणा हलतो.

आता त्या पाकिटाची रचना ऐसी की पुढे पांढऱ्या गोळ्यांची फौज आणि पिछाडीस तपकिरी गोळ्यांची एक तुकडी; ती नुसत्या लोहाची. तपकिरी तुकडी चालू लागली म्हणजे शालूबाईंस कावळा शिवे, आणि मग त्या रीतीप्रमाणे तीन दिवस मागल्या पडवीत बाहेर बसत. लोक यास विटाळ म्हणत. शालूबाईंच्या लेखी ती जहागीर होती. तेथे त्यांस कोणी पाणी मागत नसे, कोणी शिवत नसे, भाकरी आयती पुढे सरके. त्या दुपारी निजत, कुंपणापलीकडे शेजारणी येऊन गोष्टी सांगत, आणि लग्नापासून मांडिलेली एक गोधडी तेथेच इंचाइंचाने वाढे. बारा महिन्यांच्या चाकरीत स्वतःचा म्हणावा ऐसा मुलूख हाच.

परंतु दैवगती विचित्र. लागोपाठ तीन साले महालक्ष्म्या घरी आल्या आणि ऐन नैवेद्याच्या दिवशी शालूबाई पडवीत. सोळा भाज्या, पुरण, आंबील हा सारा डोंगर द्वारकाबाईंनी एकट्याने उचलिला आणि त्यांची कंबर कायमची वाकली. मग चवथ्या साली त्या स्वतः डोईवर पदर घेऊन निर्मलाबाईंचे ठाण्यावर गेल्या आणि इलाज पुसला. निर्मलाबाईंनी सांगितले की तपकिरी टाकोन द्यावी, पांढरी संपताच नव्या पाकिटाची पांढरी सुरू करावी, म्हणजे कावळा वाट पाहात बसेल. त्याप्रमाणे अंमल जाहला. तपकिरी तुकडी लिंबोणीच्या बुडाशी पुरिली आणि महालक्ष्म्यांचा नैवेद्य शालूबाईंच्या हातचा जाहला. अमृतरावांनी पुरणाची तारीफ केली. द्वारकाबाईंनी देवीपुढे कान धरिले, आणि कंबर धरिली ती सोडली.

येथवर उभयतांचा जय. परंतु जय पचविणे कठीण. द्वारकाबाईंस ध्यानी आले की महालक्ष्म्यांस जे साधले ते नवरात्रास का न साधावे? आणि मग दसरा, आणि मग दिवाळी, आणि मग ज्वारीची मळणी, जीत देव कोठेच नव्हता. रोज सांजवात लावोन जाहली की त्या स्वतः गोळी तळहातावर ठेवीत आणि गिळेतो समोर उभ्या राहात.

"आई, दोन महिने झाले. या बारीला खंड पडू द्या की," शालूबाई म्हणाल्या.

"काहून? दुखून राहिलं का कुठं?"

"दुखत न्हाई. गोधडी तशीच पडून हाय."

"गोधडीला काय दाणापानी लागतो?" ऐसा हुकूम जाहला, आणि जहागीर बिनतक्रार जप्त जाहली. पडवीत सरपण रचिले. गोधडी उंदरांच्या अमलाखाली गेली.

इकडे ओसरीवर निराळेच. पडवी रिकामी पाहोन अमृतरावांनी मनात नातवाचे बारसे मांडिले. मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. खंडोबास वांग्याचे भरीत आणि रोडगा, वर वारंगा फाट्याकडील सोयरे पंगतीस येणार; त्यांजपुढे गोड बातमी जाहीर करावी ऐसा अमृतरावांचा मनसुबा. ही कुणकुण शालूबाईंस लागली आणि त्यांनी ताडिले की आता मुकाट राहिले तर दोन्हीकडून बुडालो: पडवी गेली ती गेलीच, वर नसलेले लेकरू पदरी बांधिले जाईल. मग त्यांनी विचार केला की कावळा शिवला याचा साक्षीदार कोण? बाईचा शब्द. आणि तपास कोणी करावा? जो शिवेल तोच बाटेल.

चंपाषष्ठीच्या सकाळी वांग्यांचा ढीग अंगणात, ओसरीवर अमृतराव आणि सोयरे. शालूबाई न्हाणीकडून आल्या, ढिगापासून चार हात दूर उभ्या राहिल्या आणि खणखणीत बोलल्या, "आई, माझ्याजवळ येऊ नका. मला कावळा शिवला."

अमृतरावांनी पाय ओसरीवर ओढोन घेतले. बारसे जागीच मोडले, तरी दंडक तो दंडक. फर्मान सुटले की सुनेने तात्काळ पडवीत जावे आणि लेकरांनी तिकडे फिरकू नये.

द्वारकाबाईंच्या हातचे वांगे गळाले. आदल्या सांजेस गोळी त्यांनीच दिली होती. "आसं कसं व्हईल?" त्या म्हणाल्या. "आसं व्हईलच कसं?"

"कसं म्हंजे?" अमृतराव म्हणाले. "बाईमानसाला इचारायची गोष्ट हाय का ही?"

येथे सरसेनापती पेचात सापडल्या. खोटे म्हणावे तर गोळी सांगावी लागे. गोळी सांगावी तर महालक्ष्म्यांचा नैवेद्य कावळ्यास थोपवोन केला हे कबूल करावे लागे, आणि मग अमृतराव देव्हारा धुवोन काढतील, सोयरे फाट्यापर्यंत बोभाटा करितील. सुनेकडे पाहिले. सून खाली मान घालोन उभी, पदराआड तोंड.

"न्हाई," द्वारकाबाई बोलल्या. "कसं म्हंजे, लई दिसांनी शिवला, म्हनून म्हनले."

मग वांगी द्वारकाबाईंनी भाजिली, कणीक किसनरावांनी मळिली आणि धुराने डोळे लाल करोन घेतले. भरीत खारट जाहले. सोयरे स्तुती करोन पाणी फार प्याले. शालूबाईंनी पडवीतील सरपण बाहेर भिरकाविले, उंदरांचे ठाणे उठविले आणि दुपारभर निजल्या.

सांजवात जाहल्यावर द्वारकाबाई पडवीशी आल्या. भाकरी सरकविली. भाकरीवर गोळी होती.

"हे चालू ठेवनार ना?"

"ठेवनार की. आन महिन्याचे तीन दिस पडवी बी चालू ठेवनार."

"लबाड हायेस."

"तुमच्या हाताखाली शिकले, आई."

द्वारकाबाई कमरेवर हात ठेवोन उभ्या राहिल्या. घरातून अमृतरावांनी पाणी मागितले. मग किसनरावांनी दुसऱ्या दिवशी शेतावर न्यावयाच्या भाकरीचे पुसले. द्वारकाबाई हळूच खाली बसल्या, गोधडीचे एक टोक ओढोन मांडीवर घेतले आणि उंबऱ्याकडे तोंड करोन मोठ्याने बोलल्या, "मी बी शिवले हो. आता डोईवरून आंघोळ झाल्याबिगर मला काही करता येनार न्हाई. आन या थंडीत मी काही सकाळच्या आंधी न्हात नसते."

घरातून भांडे पडल्याचा आवाज आला.

येणेप्रमाणे तह जाहला: पांढरी फौज अखंड चालावी, पडवीची जहागीर शालूबाईंकडे वंशपरंपरा राहावी, द्वारकाबाईंस तेथे चुकोन शिवण्याचा हक्क असावा. गोधडी त्या साली पुरी जाहली. लिंबोणी दाट लागली, त्याचे कारण अमृतरावांनी खंडोबाची कृपा ऐसे ठरविले आणि ते कोणी खोडिले नाही. मोहीम फत्ते जाहली हे खरे.