बांध नसलेलं जग

आमच्या ओट्यावर बसून सोपानमामा रोज संध्याकाळी जगाच्या मालकाला शिव्या देतात. देवाचं आणि त्यांचं बरं आहे. शिव्या खातो तो मोबाइलमधल्या एका खेळाचा मालक. त्या खेळात ठोकळे रचून घरं, डोंगर, शेतं उभी करायची असतात. मामांचं म्हणणं असं, की एवढं जग केलं आणि त्याला बांध घातला नाही, तेव्हा हा माणूस एक तर बेअक्कल असणार किंवा त्याला स्वतःची लेकरंबाळं नसणार.

आमचाच ओटा कशाला, तर वाय-फाय आमच्याकडे आहे आणि ते चपला काढतो त्या कोपऱ्यात झकास लागतं. लागूनच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मामांच्या शिव्या आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्या एकदमच चालतात. त्या गोंधळात एका नवरीची डावी बाही मी उजवीकडे लावली होती. उसवताना मीही त्या मालकाला दोन शब्द सुनावले.

तीर्थपुरीत मामांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, नंतर कपाशी केली, आता गुडघे सांभाळतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. "बांध कुठंय?" हा त्यांचा जुना प्रश्न आहे. आमच्या घराचा स्लॅब टाकून झाला, तेव्हा पेढा हातात घ्यायच्या आधी त्यांनी गच्चीचा कठडा कधी बांधणार ते विचारलं. दुसऱ्याच्या शेतातल्या उघड्या विहिरीभोवती स्वतः बाभळीच्या फांद्या टाकून आले आणि वर त्या शेतमालकाशी भांडले. गावात लग्न असलं की स्टेजच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, कारण तिकडे कठडा नसतो आणि फोटोच्या नादात पाहुणे मागं सरकतात. त्यामुळे गावातल्या निम्म्या जोडप्यांच्या फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध मामांचा फेटा आहे.

हा खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला आर्यानं, म्हणजे नातीनं. उन्हाळ्याच्या सुटीत आली होती. जाताना बजावून गेली, की मी दर रविवारी पुण्याहून खेळात येणार, तोवर माझी मेंढी सांभाळा. मेंढीचं नाव कँडी. रंग गुलाबी.

"गुलाबी मेंढी कोन्या गावात असती, सूनबाई?" मामा मला विचारत होते, जणू मीच ती रंगवली होती. पण जबाबदारी घेतली म्हणजे घेतली.

आर्याचं जग म्हणजे हवेत तरंगणारा जमिनीचा एक तुकडा. त्यावर घर, झाड, लहानसा डोंगर, थोडा गहू, मेंढ्यांचा वाडा. कडेला गेलं की संपलं. पुढं काही नाही आणि खालीही काही नाही. पाणी नाही, दगड नाही, तळ नाही. आपण चालवतो तो माणूस पडला तर पुन्हा घराजवळ उभा राहतो. मेंढी पडली तर गेली. मी एकदा चष्मा लावून पाहिलं आणि फोन लगेच परत दिला.

आता शहाण्या माणसानं ती मेंढी वाड्यात ठेवून दिली असती. त्या मेंढ्यांना भूक लागत नाही, हे मी मामांना सांगितलं होतं. पण मेंढी दिवसभर कोंडलेली त्यांना बघवेना. शेजारी गवताचा दुसरा एक तुकडा तरंगत होता आणि आर्यानं तिथवर एका ठोकळ्याच्या रुंदीचा पूल केला होता. खेळात हातात गहू धरला की मेंढ्या मागं येतात. हे तेवढं त्या मालकानं बराबर केलंय, असं मामा पहिल्यांदाच कौतुकानं बोलले. राखणाऱ्यानं पुढं चालायचं, सारखं मागं बघायचं नाही, या आपल्या रिवाजानं ते पुलावरून निघाले. मागं कँडी, तिच्या मागं पांढऱ्या मेंढ्यांची रेटारेटी. पलीकडं पोचून वळले, तर गुलाबी काही दिसेना.

"सूनबाई, गेली."

ते असं म्हणाले, की मी मशीन सोडून धावले. मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. मेंढी म्हटल्यावर मी इतकी चिडले की विचारू नका.

आमच्या ह्यांनी तोडगा सुचवला: एक पांढरी घ्या, गुलाबी रंगवा, तोंडं सगळ्यांची सारखीच आहेत.

"सारखी हायेत ह्योच तर त्या मालकाचा गुन्हा हाय," मामा कडाडले. "पन ही ती न्हाई, हे मला तर ठावं हाय ना? लेकराला फसवून मेंढरं राखायची का मी?"

मग चार दिवस त्यांनी त्या पोकळीत दगड टाकले. जुनी विहीर बुजवतात तसा भराव घालायचा, तळ लागेल तेव्हा लागेल. डोंगर खणून दगड आणायचे आणि कडेवरून सोडायचे. तळ लागला नाही. डोंगर मात्र संपला.

रविवारी मामा धुतलेलं धोतर आणि फेटा घालून ओट्यावर आले. खेळ त्यांच्या फोनवर, बोलणं माझ्या फोनवर. बाह्या बाजूला ठेवून मी स्पीकर लावून दिला.

"आर्या, क्यांडी गेली. माझ्या हातनं गेली."

पलीकडून रडण्याचा आवाज, आणि फोन बंद.

पुढच्या रविवारी ती खेळात आली नाही. तिच्या आईनं अभ्यासाचं कारण सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि बांध घालायला बसले. आता येतीय का न्हाई, एवढंच एकदा मला म्हणाले. नंतर विषय काढला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मला शांतपणे शिवता आलं असतं, पण ते गप्प बसलेलं मला बाह्यांपेक्षा जड जात होतं. खेळातल्या घराचे निम्मे दगड काढून त्यांनी त्या तुकड्याभोवती माणसापेक्षा उंच भिंत घातली. पुलालाही दोन्ही बाजूंनी.

तिसऱ्या रविवारी आर्या आली.

"आबा, हे काय? जेल केलंय तुम्ही."

"बांध हाय तो."

"काहीच दिसत नाही ना मग." आणि पोरीनं कुदळ काढून भिंतीला भगदाड पाडलं. त्यातून बाहेर कडेवर जाऊन उभी राहिली. "मला हेच आवडतं आबा. पुढे काहीच नाही, ते."

मामांचा चेहरा लाल झाला होता. पण त्यांनी स्वतःचा माणूस चालवत नेला आणि तिच्या पलीकडं, अगदी शेवटच्या ठोकळ्यावर उभा केला. ती शाळेतलं काहीबाही सांगत राहिली, मामा "बरं, बरं" म्हणत राहिले.

ती गेल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे चार्जिंगला दिला. बंद करू नको म्हणाले. मी पाहिलं तर मामांचा माणूस अजून तिथंच, भगदाडासमोर कडेवर उभा. मी म्हटलं, दोन दगड लावा, बुजवा आणि घरी जाऊन जेवा.

"तिला लागतंय ते उघडं. बुजवू कसा?" मामा गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले. "रानात मेंढरं रातची बसवली अन् भोवतीच्या जाळीला कुठं तोंड राह्यलं, तर तिथं मानसानं आडवं व्हायचं असतं."

"पण ती आता खेळात नाही, मामा."

"येईल ना."

मला असल्या गोष्टींना वेळ नाही. ओट्यावरच्या चार्जरची पिन ढिली आहे, म्हणून फोन माझ्या मशीनजवळ लावते, एवढंच. बॉबिन बदलताना स्क्रीनला एकदा बोट लावते, नाही तर ती अंधारते आणि खेळ बंद पडतो. कुठं लावायचं ते मामांनी दाखवून ठेवलंय. जरा चुकलं तर त्यांचा माणूस पुढं सरकतो, आणि पुढं त्या नालायकानं बांध घातलेला नाही.