वय परत करायला गेलेला माणूस

प्राप्तिकर कार्यालयाच्या त्या पत्राला धाकट्यांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. आळशी माणसाला निदान झोप तरी लागते. धाकटे त्या पत्रापायी रात्र रात्र कूस बदलत होते.

धाकटे म्हणजे दोन भावांतले धाकटे. थोरले शेजारच्याच गल्लीत राहायचे. घरात, दारात, दुकानात, सगळीकडे दोघे याच नावांनी ओळखले जात. धाकट्यांनी उभा जन्म एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. दुसऱ्याच्या मजकुरातला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ त्यांना अंधारातही दिसे. पण स्वतः चार ओळी लिहायची वेळ आली की पेन अडे. पहिली ओळ लिहायची, तपासायची, खोडायची. मग खोडलेलं तपासायचं.

यंदा त्यांना ऐंशी पूर्ण झाली आणि विवरणपत्र भरून देणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की ऐंशी झालेल्यांना करात मोठी वजावट मिळते.

"कशाबद्दल?" धाकट्यांनी विचारलं.

"वयाबद्दल."

"म्हणजे, मी काहीच केलेलं नसताना?"

"जगलात ना? तेवढं बास."

धाकट्यांना पटेना. एवढं मोठं सरकार, त्याच्यामागे एवढे व्याप, आणि तरी त्याने बसून विचार करावा की हा माणूस ऐंशी वर्षं टिकला, याला जरा सवलत देऊ! त्यांनी भीतभीत सही केली आणि घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी पाठलाग तर करत नाही ना. म्हणून महिन्याभराने पत्र आलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. पत्रात लिहिलं होतं: 'आपण व आपले जुळे बंधू यांनी कळवलेली वये परस्परांशी जुळत नाहीत. वजावटीबाबत आपला लेखी खुलासा पाठवावा.'

आता हे दोघे जुळे नव्हतेच. थोरले दोन वर्षांनी मोठे. पण वडील विलक्षण काटकसरी. दोन मुलं दोन इयत्तांत म्हणजे पुस्तकांचे दोन संच. त्यांनी थोरल्याला दोन वर्षं घरी बसवलं, धाकटा शाळेच्या वयाचा झाल्यावर दोघांना एकाच दिवशी, धाकट्याच्या जन्मतारखेवर, जुळे म्हणून दाखल केलं आणि एका संचात दोघांना शिकवलं. कागदावरची ती तारीख मग जन्माला चिकटली. नोकरी, निवृत्ती, सगळं त्याच तारखेवर.

म्हणजे धाकट्यांचं ऐंशी कागदावरही खरं आणि अंगावरही खरं. गडबड थोरल्यांच्या आकड्यात होती. आणि थोरल्यांनी आकडा कुठल्या दिशेला हलवला असेल, याबद्दल धाकट्यांच्या मनात शंका नव्हती. जो माणूस रोज सकाळी तलावाच्या उंच फळीवरून पाण्यात सूर मारतो, तो सरकारला आपण ऐंशीचे आहोत असं कशाला कळवेल? त्याने वय चोरलं असणार. आपण खुलासा केला की तो खोटा पडणार. नाही केला की आपण खोटे पडणार. धाकट्यांनी पत्र जाड शब्दकोशात घातलं आणि शब्दकोश कपाटात ठेवला.

तिथून ते निघालं ते वाऱ्यामुळे. खिडकी आपटत होती, बायकोने टेकू म्हणून घरातलं सगळ्यांत जाड पुस्तक ओढलं, आणि पत्र जमिनीवर पडलं.

"हे काय?"

"पत्र आहे."

"ते मलाही दिसतंय. चार महिन्यांपूर्वीचं आहे. उत्तर दिलंत?"

"मजकूर जुळवतोय."

"चार महिने? अहो, मला होकार द्यायला तुम्हाला दोन दिवस लागले होते."

"तो तोंडी होता."

बायकोने कपाळावर हात मारला. "भाऊजींना सरळ विचारा ना, किती लिहिलंत म्हणून."

"असं कसं विचारू? त्याला काय वाटेल?"

"आणि सरकारला काय वाटेल ते?"

"सरकारला मी रोज भेटत नाही," धाकटे म्हणाले.

थोरल्यांना मात्र ते रोज भेटत. रोज सकाळी थोरले तलावावर जात आणि धाकटे पुस्तक घेऊन काठावरच्या बाकावर बसत. धाकट्यांना पोहता येत नव्हतं. वाचणंही होत नसे, कारण थोरले फळीवर चढले की नजर पानावर ठरत नसे. फळीच्या टोकाला ते क्षणभर स्थिर उभे राहत, हात वर, पाठ ताठ. मग पाय सुटत. हवेत त्या देहाला वय नसे. पाण्याचा आवाजही बेताचाच होई, जणू पाण्याने आधीच जागा करून ठेवली होती. एवढी वर्षं रोज बघूनही धाकट्यांचा श्वास दर वेळी अडके. आपण याच माणसाबरोबर एका बाकावर शिकलो, हे त्यांना खरंच वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी थोरले निथळत बाहेर आले. गेले काही महिने त्यांचा स्वर जरा तुटकच होता.

"काय, काही म्हणायचंय?"

"नाही. म्हणजे, पाणी गार आहे का?"

"पाणी गारच असतं. दुसरं काही?"

"दुसरं काही नाही."

"मग वाच," थोरले म्हणाले आणि पंचा झटकून निघून गेले.

धाकट्यांनी मान खाली घातली, आणि ती वर करताना समोरच्या पाटीवर नजर गेली. ती पाटी त्यांनी शेकडो वेळा वाचली होती, पण फक्त शुद्धलेखनासाठी. आज पहिल्यांदा तिचा अर्थ लागला: 'ऐंशी वर्षांवरील सभासदांना सोबतीशिवाय खोल पाण्यात उतरण्यास मनाई आहे.'

थोरले तर एकटेच उतरतात! म्हणजे इथेही वय कमीच सांगितलं असणार. आपल्या खुलाशाने नुसती अब्रू नाही, फळीसुद्धा जाईल. त्या माणसाला आपण उथळ पाण्यात, लहान पोरांच्या रांगेत उभं करणार? एका सवलतीपायी?

ज्या माणसाने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, त्याने त्या क्षणी सरकारशी खोटं बोलायचं ठरवलं. आणि तेही स्वतःच्या नुकसानीचं.

प्राप्तिकर कार्यालयातल्या अधिकारी बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. धाकट्यांनी पत्र टेबलावर ठेवलं, ते कडेला समांतर केलं आणि घसा साफ केला.

"मला माझं वय कमी करून हवंय."

बाईंचं पेन थांबलं. "किती?"

"माझ्या भावाने लिहिलं असेल तेवढं. त्याचं काही बदलू नका. वजावटही परत घ्या."

"काका, बसा बरं."

"मी उभा ठीक आहे. चूक माझी आहे. मोजताना चुकलो."

"मोजताना? ऐंशी वर्षं?"

"गणित कच्चं आहे."

पलीकडच्या टेबलावरच्यांनी खुर्च्या वळवल्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "वय वाढवून मागणारे इथे पुष्कळ येतात, काका. वय परत करायला आलेले तुम्ही पहिलेच." मग त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. "तुमच्या भावांनी किती लिहिलंय असं तुम्हाला वाटतं?"

"अठ्ठ्याहत्तर? की त्याहून कमी?"

"ब्याऐंशी."

धाकटे बसले. खाली खुर्ची होती हे नशीब.

"दुसऱ्याचं वय पत्रात कळवायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनाही असंच पत्र गेलं होतं. उलट टपाली उत्तर आलं, दोन वाक्यांचं. 'मी थोरला आहे. धाकट्याला विचारा.' म्हणून तर तुम्हाला विचारलं! त्यांच्याकडे दुसरा पुरावा नाही. सख्ख्या भावाने लेखी दिलं तर आम्ही धरतो. नाही दिलं तर त्यांचं म्हणणं खोटं ठरेल. आता फार दिवस थांबता येणार नाही."

"त्याला माहितीये, मी उत्तर दिलं नाही ते?"

"तीन वेळा चौकशी करून गेले."

धाकटे घरी कसे आले ते त्यांना आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तलावावर पोचले तेव्हा थोरले फळीवर चढलेले होते. धाकटे पुस्तक न घेता थेट काठाशी गेले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले.

"खाली ये! तू ब्याऐंशीचा आहेस!"

सगळा तलाव वळून बघू लागला. धाकट्यांनी जीभ चावली. हे काय करून बसलो! पण पोहणाऱ्यांवर देखरेख करणारा रक्षक नुसताच हसला. "आम्हाला माहितीये, काका. तुम्ही आहात ना त्यांची सोबत. दोन वर्षांपूर्वी ऐंशी झाली तेव्हाच म्हणाले, तो बाकावरचा माझा भाऊ, तो असला की मला काही होत नाही."

"मी? मला पोहता येत नाही!" धाकट्यांना घेरी यायची बाकी राहिली. दोन वर्षं आपण एका माणसाच्या जिवाची जबाबदारी घेऊन कादंबऱ्या वाचत बसलो होतो!

थोरले शिडीने उतरून जवळ आले. "सोबत लागते असं लिहिलंय. पोहता यायला हवं असं कुठे लिहिलंय? तूच वाचतोस ना रोज ती पाटी?"

"पण मला वाटलं, तू वय चोरलंस."

"चोरलं?" थोरल्यांचा आवाज चढला. "माझंच चोरलं होतं! बाबांनी माझी दोन वर्षं पुस्तकांवर खर्च केली. वर शाळेच्या दारात तुला दटावलं, आजपासून याला दादा म्हणायचं नाही. तू एवढा आज्ञाधारक, की आजतागायत म्हणाला नाहीस. म्हटलं, यंदा विवरणपत्रात ऐंशीच्या पुढचा रकाना आहे, निदान सरकार तरी मला थोरला म्हणेल. तर सरकार म्हणतं, पुरावा द्या! म्हटलं, धाकट्याला विचारा. आणि धाकटा चार महिने गप्प."

फळीवरून खाली झेपावणारा हा माणूस एका ओळीची वाट बघत होता, आणि ती ओळ आपल्याकडे होती!

"कागद आहे का?" त्यांनी रक्षकाला विचारलं.

बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, आणि एकही अक्षर खोडलं नाही. 'माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मी जन्मलो तेव्हा तो आधीपासून तिथे होता. आम्ही जुळे नाही आणि कधीच नव्हतो. मी धाकटा आहे, याचा मला अभिमान आहे.'

थोरल्यांनी हात पुसून कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"चूक आहे," ते अखेर म्हणाले.

"कुठे?" मुद्रितशोधकाचा चेहरा पांढरा पडला.

"तारीख घातली नाहीस. सहीही नाही."

धाकट्यांनी तारीख घातली, सही केली. वाटेत पाकीट घेऊन दोघे चौकातल्या टपालपेटीपर्यंत चालत गेले, एक ओल्या केसांनी आणि एक कोरड्या तोंडाने. धाकट्यांनी पाकीट पेटीत अर्धं सरकवलं आणि त्यांचा हात तिथेच अडकला. आत 'दोन' लिहिलंय ना? 'आधीपासून' बरोबर आहे? एकदा काढून बघावं का?

"सोड," थोरले म्हणाले.

"दादा, एकदाच तपासतो."

थोरल्यांनी धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि धाकट्यांनी डोळे मिटून पाकीट सोडलं.